लेझरच्या झोतानं गारवा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही एक छोटी टिपण दिली होती: कंप्रेसर नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही आणि तरी लेझरच्या प्रकाशानं स्फटिक शून्याखाली जातो. त्यावर सगळ्यात जास्त पत्रं खान्देशातून आली. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथं देतो. शेवटचे दोन प्रश्न लेझरचे नाहीत. पण हलत्या भागांशिवाय गारवा हवा ही गरज तीच आहे, म्हणून घेतले.

भुसावळ: आमच्या वर्कशॉपमध्ये लेझरनं पत्रा कापतात. जो झोत लोखंड वितळवतो तो एखादी वस्तू गार कसा करेल?

पत्र्यात शिरलेला प्रकाश पुन्हा बाहेर येत नाही. त्याची सगळी ऊर्जा आतच राहते आणि तिची उष्णता होते. गार होणाऱ्या स्फटिकात आलेला प्रकाश परत बाहेर पडतो, आणि जाताना थोडी जास्त ऊर्जा घेऊन जातो. सगळा फरक एवढाच.

माठाचं पाणी गार का होतं? पाण्याचे जे रेणू सर्वांत जोरात असतात ते वाफ होऊन निघून जातात आणि मागं राहिलेलं पाणी गार पडतं. इथं वाफेचं काम प्रकाश करतो.

नेहमी वापरला जाणारा स्फटिक म्हणजे यट्रियम लिथियम फ्लोराइड, ज्यात शेकडा १० च्या आसपास यट्रियमच्या जागी यटर्बियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) बसवलेले असतात. यटर्बियमच्या खालच्या ऊर्जापातळीत चार पायऱ्या आहेत आणि वरच्या पातळीत तीन. लेझरची तरंगलांबी १०२० नॅनोमीटर ठेवली, की तो खालच्या गटातल्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या आयनाला उचलून वरच्या गटातल्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवतो. म्हणजे शक्य तेवढी कमी उडी. मग तो आयन स्फटिकाच्या कंपनांतून, म्हणजे त्याच्या उष्णतेतून, ऊर्जा घेत वरच्या तीन पायऱ्यांवर पसरतो आणि नंतर प्रकाश सोडून खाली येतो. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ९९९ नॅनोमीटरच्या आसपास असते. तरंगलांबी कमी म्हणजे ऊर्जा जास्त: आत आलेला प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, १.२१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, बाहेर गेलेला सरासरी १.२४१ चा. हा ०.०२६ चा फरक स्फटिकाच्या उष्णतेतून भरून निघाला. दर फोटॉनमागं फक्त दोन टक्के! पण फोटॉन सेकंदाला अब्जावधी अब्ज येतात.

अमळनेर (एम.एस्सी.चा विद्यार्थी): उष्णतेचा दुसरा नियम इथं मोडत नाही का? उष्णता आपोआप गारव्याकडून गरमीकडं जाते आहे.

प्रश्न योग्य आहे आणि जुनाही आहे. पीटर प्रिंग्सहाइम यांनी १९२९ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा हीच हरकत घेतली गेली. १९४६ मध्ये लेव्ह लांडाउ यांनी हिशेब करून ती निकालात काढली. लेझरचा झोत एकाच दिशेचा आणि जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, म्हणून त्याची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, फारच कमी. स्फटिकातून निघणारा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि अनेक तरंगलांब्यांत पसरतो, त्यामुळं त्याची एन्ट्रॉपी कितीतरी जास्त. स्फटिकाची जेवढी एन्ट्रॉपी घटली तिच्याहून अधिक प्रकाशाची वाढली. नियम शाबूत आहे. आणि हे ‘आपोआप’ होत नाही. शिस्तीतला प्रकाश खर्ची घालावा लागतो आणि त्या शिस्तीची किंमत लेझरच्या विजेच्या बिलात येते.

कल्पना १९२९ ची असली तरी घन पदार्थ प्रत्यक्ष गार झाला तो १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत. यटर्बियम घातलेली फ्लोराइड काच होती आणि घट होती ०.३ अंशाची. मधली साठ-पासष्ट वर्षं मुख्यतः दोन गोष्टींची वाट पाहण्यात गेली: चांगले लेझर आणि पुरेसा शुद्ध पदार्थ. २०१० मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या गटानं स्फटिक १५५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे ११८ अंशांपर्यंत नेला, आणि २०१६ मध्ये ९१ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे १८२ अंशांपर्यंत.

धुळे (अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा): हा प्रयोग आम्हाला करून पाहायचा आहे. काय लागेल आणि कुठं फसू?

फसण्याच्या जागाच आधी सांगतो, कारण यादी करून सामान मागवलं आणि स्फटिक गार होण्याऐवजी तापला, असंच बहुतेकांचं होतं.

पहिली चूक तरंगलांबीची. बाजारात ९८० नॅनोमीटरचे डायोड सहज मिळतात आणि यटर्बियमसाठीच विकले जातात, पण ते यटर्बियमचे लेझर चालवण्यासाठी. ९८० ही ९९९ पेक्षा कमी आहे, म्हणजे आत येणारा फोटॉन बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ऊर्जेचा. स्फटिक तापणारच. दुसरा मोह १०६४ नॅनोमीटरच्या लेझरचा, कारण तो अनेक महाविद्यालयांत आधीच असतो. तिथं यटर्बियम प्रकाश इतका कमी शोषतो की स्फटिकातल्या अशुद्धीचं शोषण वरचढ ठरतं. लेझर १०२० चाच घ्या.

दुसरी चूक शुद्धतेची, आणि खरी लढाई हीच आहे. गार करण्याची कार्यक्षमता काढायचं सूत्र सोपं आहे: लेझरची तरंगलांबी भागिले बाहेरच्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी, गुणिले दोन कार्यक्षमता, वजा १. पहिली कार्यक्षमता म्हणजे उत्तेजित आयनांपैकी किती जणांचा प्रकाश खरोखर बाहेर पडतो. दुसरी म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला किती वाटा यटर्बियमनं शोषला, अशुद्धीनं नव्हे. १०२० भागिले ९९९ म्हणजे १.०२१. आता दोन्ही कार्यक्षमता ९९ टक्के धरा, ऐकायला किती उत्तम वाटतं! गुणाकार येतो १.०००७, वजा १. हाती जवळजवळ शून्य. दोन्ही ९८ टक्के धरल्या तर उत्तर उणे १.९ टक्के, म्हणजे स्फटिक तापतो. पहिली ९९.५ आणि दुसरी ९९.९ असेल तेव्हा कुठं १.५ टक्के मिळतात. लोह, तांबं यांचे आयन आणि फ्लोराइडमध्ये शिरलेला ओलावा हे मुख्य शत्रू. लोह-तांब्याचं प्रमाण दहा लाखांत एका भागाच्याही खाली हवं. म्हणून स्फटिक मागवताना ‘लेझरसाठीचा’ म्हणून मागवू नका. ‘ऑप्टिकल कूलिंगसाठीचा’ असं स्पष्ट लिहा आणि पार्श्वभूमी-शोषणाचा, म्हणजे अशुद्धीच्या शोषणाचा, मोजलेला आकडा मागा. चांगल्या स्फटिकात तो दर सेंटिमीटरला ०.०००१ च्या घरात असतो.

आता मांडणी. स्फटिक ३ बाय ३ बाय १० मिलिमीटर पुरे. तो दोन बारीक सिलिका तंतूंवर टेकवायचा, जेणेकरून आधारातून उष्णता कमीत कमी येईल. चिमट्यात धरला तर चिमटाच त्याला गरम ठेवेल. लेझरच्या ध्रुवणाची दिशा (प्रकाशलहर जिकडं डोलते ती) स्फटिकाच्या सी-अक्षाला, म्हणजे मुख्य अक्षाला, समांतर ठेवा, १०२० ला शोषण त्याच दिशेत जास्त आहे. एका फेरीत बराच प्रकाश न शोषता पार निघून जातो, म्हणून दोन्ही बाजूंना आरसे लावून आणि एका आरशाला बारीक भोक ठेवून झोत आत अनेकदा फिरवतात. पहिल्या प्रयोगाला एक-दोन फेऱ्या चालतील.

हे सगळं निर्वात कक्षात, एक मिलिबारच्या दशलक्षाव्या भागाइतक्या दाबाला. हवेत केलं तरी सुरुवातीची घट दिसते, पण हवा उष्णता परत आणते आणि पृष्ठभागावर दव बसलं की खेळ संपला. कक्षाच्या आतल्या भिंतीला असा लेप हवा जो स्फटिकातून येणारा प्रकाश गिळेल, पण स्वतः उष्ण किरण फार सोडणार नाही. सोलर वॉटर हीटरच्या काचनळीवर जो गर्द लेप असतो त्याच जातीचा. ही भिंत गार पाण्यानं थंड ठेवायची. उन्हाळ्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी थेट जोडू नका, ते चाळिशीच्या घरात असतं. वेगळा चिलर घ्या आणि २० अंशांवर ठेवा. हा मुद्दा किरकोळ नाही. भोवतालची भिंत ४५ अंशांवर असेल तर १५० केल्व्हिनवरच्या स्फटिकावर दर चौरस सेंटिमीटरला ५५ मिलिवॅटपर्यंत उष्ण किरणांचा मारा होतो. २७ अंशांवर तोच ४२-४३ मिलिवॅट.

किती घट अपेक्षित धरायची? १० वॅट प्रकाश शोषला गेला आणि कार्यक्षमता १.५ टक्के असली तर १५० मिलिवॅट उष्णता निघते. वरच्या मापाच्या स्फटिकाला एक अंश बदलायला सुमारे ०.२८ ज्यूल लागतात. म्हणजे सुरुवातीला सेकंदाला अर्धा अंश आणि मग वेग मंदावत जातो. याउलट आकडा वर चढत असेल तर आधी स्फटिकाची तोंडं भिंगाखाली पाहा. बोटाचा ठसा किंवा धुळीचा एक कण तिथं जळत असतो. लेन्सच्या कागदावर मिथेनॉलचे दोन थेंब घेऊन, एकाच दिशेनं, एकदाच ओढायचं. घासायचं नाही.

मोजण्यासाठी थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) चिकटवू नका. बाहेर पडणारा प्रकाश त्याच्यावरच पडतो, ते स्वतः तापतं आणि गार स्फटिकाला गरम ठरवतं. थर्मल कॅमेरा वापरा, पण साध्या काचेच्या खिडकीतून त्याला काही दिसत नाही. झिंक सेलेनाइडची खिडकी लागते. लेझरची तरंगलांबी बदलता येत असेल तर सर्वांत बोलकी चाचणी करता येते: १००० च्या खालून हळूहळू वर जात दर टप्प्याला तापमान चढतं की उतरतं ते नोंदवा. आधी चढेल, एका ठिकाणी उतरू लागेल आणि बऱ्याच पुढं पुन्हा चढेल. ते दोन छेदबिंदू मिळाले की वरच्या सूत्रातल्या दोन्ही कार्यक्षमता काढता येतात.

आणि हे ठळक अक्षरात भिंतीवर लावा: १०२० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. दहा-वीस वॅटचा न दिसणारा झोत डोळ्यात गेला तर पापणी मिटण्याची प्रतिक्रियासुद्धा होत नाही, पडदा जळतो. नेमक्या त्याच तरंगलांबीसाठीचा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर हवा. झोत टेबलाच्या उंचीवरच अडवलेला हवा आणि दार उघडताच लेझर बंद पडेल अशी जोडणी हवी. हे तिन्ही जमत नसेल तर प्रयोग करू नका.

जळगाव (मोबाइल दुरुस्ती): मोबाइल तापण्यावर हा उपाय कधी येईल? आणि फोनला नाही, तर मग कशाला?

मोबाइल जोरात चालताना ३ वॅटच्या आसपास उष्णता सोडतो असं धरा. १.५ टक्के कार्यक्षमतेनं ती काढायला २०० वॅट लेझर-प्रकाश शोषावा लागेल. लेझर स्वतः निम्मी वीज वाया घालवतो, म्हणून ४०० वॅट वीज. शिवाय स्फटिकातून निघालेला २०३ वॅट प्रकाश कुठं तरी गिळावा लागेल आणि ती जागा तापेल. खिशातल्या फोनला हे न्याय्य नाही.

हे तंत्र आज जिथं शोभतं तिथं उष्णता थोडी असते, पण कंप अजिबात चालत नाही. उपग्रहावरचे अवरक्त संवेदक हे एक उदाहरण. नेहमीच्या यांत्रिक शीतकाच्या दट्ट्यानं चित्र थरथरतं. २०१८ मध्ये लॉस अलामॉस आणि न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा खराखुरा संवेदक याच मार्गानं १३५ केल्व्हिनपर्यंत गार केला. त्यातली एक अडचण बघण्यासारखी आहे: गार स्फटिक संवेदकाला चिकटवला तर स्फटिकाचा प्रकाश संवेदकावर पडून तो तापतो. म्हणून मध्ये मुद्दाम वाकडा केलेला पारदर्शक दुवा ठेवतात. त्यातून उष्णता वळणावरून जाते, प्रकाश बाहेर निसटतो. दुसरा उपयोग अतिस्थिर लेझरच्या सिलिकॉन पोकळ्यांना, म्हणजे लेझरची तरंगलांबी स्थिर ठेवणाऱ्या दोन आरशांमधल्या जागांना. सुमारे १२४ केल्व्हिनला सिलिकॉन तापमानानं ना फुगतं ना आक्रसतं. ती पोकळी तिथं धरून ठेवायची आणि हलवायची नाही.

चिपसाठी प्रयत्न सुरू आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेनं गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशुद्ध पट्ट्या वापरून संगणक-चिपवरचे तापणारे ठिपके लेझरनं गार करण्याचा प्रकल्प जाहीर केला. तिथं सगळी चिप गार करायची नसून नेमका ठिपका गाठायचा आहे. आमच्या मते दिशा योग्य आहे, पण दुरुस्तीच्या टेबलावर त्याची वाट पाहू नका. आज तापणाऱ्या फोनचं जाड कव्हर काढा आणि चार्जिंगवर असताना व्हिडिओ बंद ठेवा.

रावेर: केळी पिकवण्याच्या चेंबरला चालेल का?

नाही. एक टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा साडेतीन किलोवॅट उष्णता काढते. तेवढ्यासाठी २३० किलोवॅटहून जास्त लेझर-प्रकाश लागेल. कंप्रेसरच ठेवा. खर्च करायचाच असेल तर भिंतीच्या पफ पॅनलच्या सांध्यांवर आणि दाराच्या रबरावर करा.

नंदुरबार: लेझर कूलिंगला नोबेल मिळालं होतं ना? मग हे नवं काय?

१९९७ चं भौतिकीचं नोबेल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना मिळालं, ते वायुरूपातल्या सुट्या अणूंना लेझरनं मंद करण्याबद्दल. तिथं फोटॉनचा धक्का अणूचा वेग कमी करतो आणि तापमान केल्व्हिनच्या दशलक्षांश भागांपर्यंत जातं. पण हाताला लागेल अशी वस्तू त्यानं गार होत नाही. आपण बोलतो आहोत ते घन पदार्थाबद्दल आणि तिथं धक्क्याचा काही संबंध नाही.

चाळीसगाव: पेल्टियरची प्लेट (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते ती) लावून औषधांसाठी छोटी पेटी केली. पाच लिटरची, थर्माकोलची. पुण्यात नातेवाइकाकडं चालली, इथं मे महिन्यात २० अंशांखाली जात नाही.

प्लेट बिघडलेली नाही, हिशेब उन्हाळ्याचा नाही. टीईसी१-१२७०६ ही प्लेट १२ व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर घेते, म्हणजे ५४ वॅट. पेटीतून तिनं १० वॅट उचलले, तर गरम बाजूला ६४ वॅट फेकायचे आहेत. तुमचा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) जुन्या संगणकातला लहान असेल, दर वॅटला ०.६ अंश चढणारा, तर ६४ वॅटला ३८ अंश. बाहेर ४५, म्हणून गरम बाजू ८३. आता ५ अंशांपर्यंत जायला प्लेटला ७८ अंशांचा फरक पाडावा लागेल आणि ते तिच्या आवाक्याबाहेर आहे. ०.२ अंशाचा मोठा सिंक लावलात तर गरम बाजू ५८ वर राहते.

दुसरं, थर्माकोल २५ मिलिमीटरचा असेल तर पाच लिटरच्या पेटीत अशा उन्हात सुमारे १० वॅट उष्णता झिरपते. जाडी ५० करा, ती जवळपास निम्मी होते. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तिसरं, १२ ऐवजी ८-९ व्होल्ट देऊन पाहा. प्लेटची स्वतःची उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणून सिंक कमजोर असताना कमी व्होल्टला पेटी जास्त गार होते. थर्मल पेस्ट कागदाइतकी पातळ असू द्या. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, नाहीतर सिरॅमिकला चीर जाते. सिंकशिवाय ‘चालते का’ म्हणून तपासू नका. आतला डाग (सोल्डर) १३८ अंशांना वितळतो आणि तिथं पोहोचायला फार वेळ लागत नाही.

थर्मोस्टॅटनं प्लेट चालू-बंद करू नका. बंद झाली की गरम सिंकची उष्णता प्लेटमधूनच उलटी आत येते. भारनियमनात हेच होतं. म्हणून आत बर्फाच्या जेलची पिशवी ठेवा. मात्र पेटीत इन्सुलिन असेल तर आमचा स्पष्ट सल्ला: घरी केलेल्या पेटीवर भिस्त ठेवू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं आणि गोठलं तरी निकामी होतं.

चोपडा: शेतातल्या ठिबकच्या ऑटोमेशनची पेटी मेमध्ये दुपारी बंद पडते. पंखा लावला तो कापसाच्या तंतूंनी आणि धुळीनं जाम झाला. पंख्याविना काही?

आधी उष्णता कुठून येते ते बघू. आतली इलेक्ट्रॉनिक्स फार तर १० वॅट सोडते. पेटीचा माथा ३० बाय ४० सेंटिमीटर असेल तर भर दुपारी त्यावर १२० वॅट ऊन पडतं. गडद राखाडी रंग त्यातलं १०० वॅटच्या वर शोषतो, स्वच्छ पांढरा ३० च्या आसपास. म्हणजे तुमची पेटी तापवतंय ऊन, कंट्रोलर नव्हे. पंख्यानं ते सुटणारही नव्हतं.

पेटीला बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्या. वर दुसरा पत्रा बसवा, पेटीपासून ५ सेंटिमीटर उंच आणि चारही बाजूंनी १० सेंटिमीटर पुढं आलेला. ऊन त्यावर पडेल आणि मधून वारा जाईल. पेटी खांबाच्या पूर्वेला हलवा. तळाला आणि वरच्या कडेखाली हवेची भोकं ठेवा आणि त्यांना बारीक जाळी लावाच. जाळी नसली की पहिल्याच पावसाळ्यात गांधीलमाश्या घर करतात, आणि पाल आत शिरून रिलेच्या टर्मिनलवर आडवी झाली की शॉर्ट. सर्वांत तापणारा भाग बहुधा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तो पट्टीवरून काढून थर्मल पॅड घालून पेटीच्या मागच्या ॲल्युमिनियम प्लेटवर बसवा आणि बाहेरच्या बाजूला पात्यांचा हीट सिंक उभा लावा. पाती उभीच हवीत, आडव्या पात्यांत गरम हवा अडकते.

आतल्या कपॅसिटरवरचा आकडा बघा, ८५ की १०५. ८५ चा असेल तर १०५ अंशांचा, तितक्याच मायक्रोफॅराडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा टाका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीमागं साधारण निम्मं होतं, म्हणून वरच्या पत्र्यानं १५ अंश उतरले तर तो जवळपास तिप्पट टिकेल. पत्रा लावण्याआधी आणि लावल्यावर, एकाच आठवड्यात, दुपारी ३ वाजता पेटीत साधा थर्मामीटर टांगून दोन्ही आकडे लिहून ठेवा.